पहिलीचं तोंड दाराकडे

मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा मला शिकवता येत नव्हतं. हे मी नम्रपणाने सांगत नाही. नेमणुकीच्या हुकमातच माझ्या नावापुढे ‘अप्रशिक्षित’ असं छापलेलं होतं, आणि खाली एक अट होती. ठरलेल्या मुदतीत प्रशिक्षणाची परीक्षा पास झाले नाही, तर सेवा संपली. म्हणजे आधी शिकवायचं आणि मग शिकवायचं कसं ते शिकायचं. मी बी.ए. झालेली मुलगी, पण तो हुकूम मी पुन्हा पुन्हा वाचला आणि काही उलगडा झाला नाही.

आईलाही झाला नाही. ती म्हणाली, “तू तिथं पोरांना शिकवणार ना? मग तुला शिकवणार कोण? आणि तूच शिकत असशील तर पोरांना काय येणार?” तिचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मला आजही नीटसं देता येत नाही.

आम्ही नाशिक रोडला राहायचो. वडील नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होते, वसाहतीतल्या बहुतेकांचे वडील प्रेसमध्येच होते, आणि प्रेसच्या भोंग्यावर आमच्या घरी कुकर चढायचा नि उतरायचा. आमच्या वस्तीतून शाळेवर लागलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे हुकूम हातात पडला त्याच आठवड्यात विहारात माझा सत्कार झाला. पांढरी साडी, हार, भाषणं. एका वक्त्याने तर मला उद्याच्या पिढीची शिल्पकार करून टाकलं. अटीची गोष्ट फक्त घरात माहीत होती. वडील माझ्या गळ्यातला हार सारखा करत हळूच म्हणाले, “आता नापास व्हायची सोय राहिली नाही बरं.” ते हसत होते, पण ते वाक्य पुढे दोन वर्षं माझ्या डोक्यातून गेलं नाही. नोकरी गेली तर नुसती नोकरी जाणार नव्हती. सगळ्या वस्तीसमोर मान खाली घालून विहारात वंदनेला बसावं लागलं असतं.

शाळा मिळाली सुरगाण्याच्या डोंगरात. एस.टी. सुरगाण्यापर्यंत, तिथून जीप मिळाली तर जीप, आणि पावसाळ्यात जीपही नाही. उंचवट्यावर एक खोली, खाली उतारावर पाडा, आजूबाजूला भाताची नि नागलीची खाचरं. खोली एक, शिक्षक एक, आणि इयत्ता चार. आधीचे गुरुजी माझी वाटच बघत होते. ट्रंक बांधून तयार. त्यांनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि हात फिरवून सांगितलं, “पहिलीचं तोंड दाराकडे, दुसरीचं खिडकीकडे, तिसरीचं फळ्याकडे, चौथीचं मागच्या भिंतीकडे. तुम्ही मधे. फिरत राहायचं.”

“असं का?” मी विचारलं.

“करून बघा,” ते म्हणाले आणि ज्या जीपने मी आले होते त्याच जीपने गेले. माझं पहिलं प्रशिक्षण म्हणायचं तर एवढंच.

पहिल्याच महिन्यात मी माझं शहाणपण लावलं. मला वाटलं, पहिलीची मुलं दारातून बाहेर बघत बसतात, त्यांचं लक्ष लागणार कसं? म्हणून पहिलीला मागच्या भिंतीकडे वळवलं आणि चौथीला दाराकडे. तासाभरात निम्मी पहिली गायब. चौथीच्या मांडीवरून उड्या मारून पळाली. मी पाड्यावर जाऊन एकेकाला घरातून काढून आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी हात टेकले आणि पहिलीला परत दाराकडे बसवलं. ती गपगुमान बसली. मी मधोमध उभी राहिले की दारातून खाली घरांची छपरं दिसायची, एखाद्या घराच्या कुडातून धूर निघत असायचा. बरं, घर दिसतं म्हणून बसतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

या पद्धतीत एक विचित्र गोष्ट होती. शिक्षकाकडे कोणाचंच तोंड नसतं. मी मधे फिरायची आणि मला दिसायच्या त्या पाठी. हळूहळू मला पाठी वाचता यायला लागल्या. पाढा अडला की मान आत जाते, गणित चुकलं की डावा खांदा वर होतो, पाटीवर चित्र काढणं चालू असलं की पाठ फारच शहाण्यासारखी ताठ असते. रोज सकाळी मी आत आले की म्हणायची, “पहिली दाराकडे, दुसरी खिडकीकडे, तिसरी फळ्याकडे, चौथी भिंतीकडे. वळा.” हे मी झोपेतही म्हटलं असतं.

नोकरीत असलेल्यांना प्रशिक्षण टपालाने मिळायचं. पाकिटातून पाठ यायचे, ते वाचून स्वाध्याय लिहून पाठवायचे, आणि दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला वर्गाला बसायचं. त्या पाकिटांतली शाळा आणि माझी शाळा यांची एकमेकींशी ओळख नव्हती. पाकिटातल्या शाळेत एका खोलीत एकच इयत्ता होती. मुलं शिक्षकाकडे बघत होती. पाठाला प्रस्तावना होती, मग हेतुकथन, मग विवेचन, मग उपयोजन. हेतुकथन म्हणजे आज आपण काय शिकणार ते सांगणं, पण ते सरळ सांगायचं नाही. असे प्रश्न विचारायचे की मुलांच्याच तोंडून विषय निघाला पाहिजे. मी हे माझ्या शाळेत करून पाहिलं. आज आपण काय शिकणार आहोत, हे तिसरीच्या तोंडून निघावं म्हणून झगडत होते, तोवर चौथीने भांडण काढलं आणि दुसरीतल्या एकाने खडू खाल्ला.

उन्हाळ्यात नाशिकला सरावपाठ घ्यायचे तर मुलं कुठून आणायची? शाळांना सुट्टी. मग आजूबाजूच्या गल्ल्यांतली मुलं गोळ्या-बिस्किटांचं आमिष दाखवून वर्गात बसवलेली असायची. ती वर्षानुवर्षं हेच काम करत होती. आमच्यासारख्या किती जणांचे पाठ त्यांनी पचवले होते कोण जाणे. माझ्या पहिल्याच पाठात मी प्रस्तावनेवरून घाईने विवेचनावर गेले, तर पुढच्या बाकावरून दोन-तीन आवाज एकदम आले, “बाई, हेतुकथन राहिलं.” मागे बसलेल्या अध्यापकांनी मान डोलावली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी विचारलं, “आपल्याला पाणी कुठून मिळतं?” त्यावर एक मुलगी समजुतीने म्हणाली, “बाई, नदी म्हणू का ढग? तुम्हाला आज काय शिकवायचंय?” मला शिकवता येत नव्हतं, पण त्यांना शिकायचं कसं ते पाठ होतं. मला रडू येत होतं आणि हसूही. आपल्याला इथे नक्की काय जमायला हवं आहे, हेच मला समजेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात वार्षिक पाठ आला. सगळं त्याच्यावर होतं. बाहेरून परीक्षक येणार, एकच पाठ बघणार, आणि तो पडला की मी पडले, माझी शाळा गेली, विहारातल्या सत्काराची शोभा झाली. चिठ्ठी उचलली तर विषय निघाला, तिसरीचा भूगोल, दिशा. मी पुठ्ठ्याचा एवढा मोठा सूर्य केला, त्याला पिवळा कागद चिकटवला, पाठाचं टाचण तीनदा लिहून काढलं. सकाळी निघताना आईने हातावर दही-साखर ठेवली. वडिलांनी त्या दिवशी पहिली पाळी बदलून घेतली होती.

परीक्षक म्हणजे एक वयस्क गृहस्थ. जाड भिंगांचा चष्मा, धोतर, हातात तपकिरीची डबी. मागच्या बाकावर बसले आणि डबी उघडून बोटांत चिमूट धरली. मी प्रस्तावना केली. हेतुकथनही केलं, मुलांनी सवयीने “दिशा” म्हणून मला ते काढून दिलं. मग विवेचनासाठी मी मान वर केली आणि सगळ्या वर्गाची तोंडं माझ्यावर रोखलेली दिसली. सरावपाठातही ती दिसायची, पण तेव्हा मी टाचणात तोंड खुपसून असायची. एवढे डोळे. दोन वर्षं मी पाठींना शिकवत होते. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. आणि माझ्या तोंडातून माझ्या नकळत शब्द बाहेर पडले, “पहिली रांग दाराकडे, दुसरी खिडकीकडे, तिसरी फळ्याकडे, चौथी भिंतीकडे. वळा.”

मुलं वळली. तालमीतली मुलं ती, त्यांना वाटलं ही नवी पद्धत असेल. मला पाठी दिसल्या आणि जिवाला जरा बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हा सुरगाणा नव्हता. इथे चार इयत्ता नव्हत्या. कोणाला काय काम देणार? माझं धाबं दणाणलं. मी नुसतीच उभी राहिले.

तेवढ्यात दाराकडच्या रांगेतून एकजण म्हणाला, “बाई, आमच्या डोळ्यांवर ऊन येतंय.” भिंतीकडची म्हणाली, “आमच्या तर भिंतीवर आमचीच सावली पडलीय.” खिडकीकडच्यांना उजव्या हाताला ऊन लागत होतं, फळ्याकडच्यांना डाव्या. मी नुसतं “मग?” म्हणत गेले. आणि काय म्हणणार? घंटा झाली तेव्हा पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर सगळं मुलांनीच काढलेलं होतं. उपयोजन राहिलं. पुठ्ठ्याचा सूर्य पिशवीतच राहिला. परीक्षकांनी इतका वेळ बोटांत धरलेली चिमूट आता ओढली, एक शिंक दिली आणि उठून गेले. मी मधल्या सुट्टीत नळापाशी जाऊन रडले. संपलं सगळं, असंच मी घरी सांगितलं. वडील म्हणाले, “बघू.” त्या रात्री आमच्याकडे कोणी धड जेवलं नाही.

निकाल लागला आणि मी पास होते. नुसती पास नाही, वार्षिक पाठाला चांगले गुण. शेरा होता: मुलांना प्रत्यक्ष दिशांकडे वळवून अनुभवातून अध्यापन. मी प्रशिक्षण वर्गाच्या प्राचार्यांकडे गेले आणि सरळ सांगितलं, “सर, ती चूक होती. मी घाबरून माझ्या शाळेतली ऑर्डर दिली.” ते हसले आणि शेजारच्या अध्यापकांना म्हणाले, “बघा, किती विनय आहे.” पुढच्या दिवाळीच्या वर्गात मला नव्या लोकांसमोर तोच पाठ करून दाखवायला लावला. मी पुन्हा सांगितलं की ही चूक आहे. नव्या लोकांनी वहीत लिहून घेतलं. वस्तीत पेढे वाटले गेले. सगळ्यांच्या लेखी मी आता पक्की बाई होते. मला मात्र आधी निदान एवढं माहीत होतं की आपल्याला शिकवता येत नाही. आता तेही खात्रीने सांगता येईना.

म्हणून मी एम.ए.ला बसले. लोकांना वाटलं हौस, कोणाला वाटलं बढतीसाठी. मला खरंच वाटत होतं की आणखी शिकलं तर कुठेतरी याचा उलगडा होईल. बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मराठी विषय घेतला. पुस्तकं नाशिकहून न्यायची, शाळा सुटली की तिथल्याच ओट्यावर बसून वाचायची. सकाळी ‘आई घर बघ’ आणि दुपारी रसचर्चा. सकाळी मी मुलांचं ‘नाय’ बदलून ‘नाही’ करून घ्यायची आणि दुपारी भाषाविज्ञानाच्या पुस्तकात वाचायची की बोली कधी अशुद्ध नसते. दुसऱ्या दिवशी एखादं पोर म्हणायचं, “बाई, मला नाय येत,” आणि मी तोंड उघडून तशीच राहायची. पोरं एकमेकांकडे बघायची. बाईला काहीतरी झालंय, असं पाड्यावर बोललं जाऊ लागलं.

परीक्षेच्या रजेसाठी अर्ज घेऊन तालुक्याच्या शिक्षण कचेरीत गेले तर तिथल्या साहेबांनी विचारलं, “परीक्षा कोणाची?”

“माझी.”

“तुमची तर झाली ना? ट्रेन्ड आहात की तुम्ही आता.”

“एम.ए.ची आहे, साहेब.”

“पहिलीला शिकवायला एम.ए. कशाला?”

“तेच बघायचंय, साहेब,” मी म्हटलं. त्यांना वाटलं मी उलट बोलते आहे. रजा मिळाली, पण बिनपगारी.

दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायची, बरोबर मोठी मुलंही जायची. चौथीची भिंत ओकीबोकी व्हायची. पहिली तेवढी आजी-आजोबांपाशी राहायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. अशी वर्षं गेली. ऐंशी साल मागे पडलं, मी एम.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. विहारात पुन्हा सत्कार झाला. उलगडा मात्र झाला नव्हता.

मग नाशिकला शिक्षकांना शिकवण्याची एक जागा निघाली. प्राथमिकचा अनुभव आणि एम.ए. असं कोणीतरी हवं होतं. वडिलांनी अर्ज करायला लावला. आता घरी ये, म्हणाले. मुलाखतीला आत गेले तर टेबलाच्या टोकाला जाड भिंगांचा चष्मा आणि तपकिरीची डबी. ते आता बरेच थकले होते. बाकीच्यांनी मला समीक्षा विचारली, शिक्षणाची ध्येयं विचारली. मी बरीवाईट उत्तरं दिली. शेवटी त्यांच्याकडे वळून कोणीतरी म्हणालं, “सर, आपल्याला काही?”

त्यांनी मला विचारलं, “एका खोलीत चार इयत्ता असतील, तर पहिलीचं तोंड कुठे?”

“दाराकडे,” मी एका दमात म्हटलं.

“का?”

“घर दिसलं पाहिजे, सर. घर दिसलं की पोर पळत नाही.”

त्यांनी चिमूट ओढली. “आमच्या शाळेचं दार पश्चिमेला होतं,” ते म्हणाले. “दुपारी पहिलीच्या डोळ्यांवर ऊन यायचं. तरी दाराकडेच बसवायचो.”

बाकीचे आपले आदराने हसले. हेही कधीकाळी माझ्यासारखेच चार इयत्तांच्या मधे फिरले होते. म्हणजे त्या दिवशी माझं काय झालं होतं ते यांना तेव्हाच कळलं होतं. मग तो शेरा? मी शिकवलं म्हणून पास केलं, की मी कुठून आले ते ओळखून पदरात घेतलं? विचारायचं होतं, पण पुढच्या उमेदवाराला हाक मारली गेली. ‘चांगलं झालं का?’ असं बाहेर वडिलांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “माहीत नाही.” ते म्हणाले, “तुला कधी माहीत असतं?”

जागा मिळाली. माझ्या जागी पाड्यावर नवे गुरुजी आले, विशीतले, आणि अर्थात अप्रशिक्षित. मी त्यांना मधोमध उभं केलं आणि हात फिरवून सांगितलं कोणाचं तोंड कुठे. “असं का?” त्यांनी विचारलं. “घर दिसलं की पोर पळत नाही,” मी म्हटलं. एवढं तरी मी छातीठोक सांगू शकत होते.

निरोपबिरोप नको होता मला. शाळा भरल्यावर मी गुरुजींना म्हटलं, तुम्ही म्हणा. ते चाचरत म्हणाले, “वळा.” सगळी वळली. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे झाल्यावर मी ट्रंक उचलली आणि निघाले. पण निघायचं म्हणजे दारातूनच निघायचं होतं, आणि पहिलीचं तोंड दाराकडे. त्यांनी मला उतरताना बघितलं. मी मागे न बघता पायवाटेने वळणापर्यंत गेले. वळण घेतलं, शाळा दिसेनाशी झाली, आणि मागून पायांचा आवाज आला. अख्खी पहिली. काहींच्या हातात पाट्या होत्या. सगळी माझ्याभोवती उभी राहिली. त्यांच्यामागून वळणापर्यंत धावत आलेले नवे गुरुजी दोन्ही हात वर करून ओरडत होते, “बाई, आता काय करायचं?”

मला माहीत नव्हतं. मी त्यांना घेऊन परत वर गेले. ती जागेवर बसली, पण डोळे माझ्यावरच. म्हणून मग मीही त्यांच्यातच जमिनीवर मांडी घालून बसले, दाराकडे तोंड करून. इतक्या वर्षांत त्या जागेवर मी पहिल्यांदा बसले होते.

तिथून घरं दिसत नव्हती. घरांची छपरं उभ्या माणसाला दिसत होती. पहिलीतल्या पोराच्या उंचीवरून ओट्याची कड दिसत होती, आभाळ दिसत होतं आणि मधे ती पायवाट, ज्या वाटेने मी रोज सकाळी यायची. बाकी काही नाही. खालून जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि जीप गेली. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मुलाखतीतलं माझं उत्तर चुकलं होतं, आणि आता ते सांगायचं तरी कोणाला?